नाशिकचे काका

ज्या सोमवारी मी त्या अर्जावर लाल शाईने ‘त्रुटी’ असा शेरा मारला, त्या दिवशी माझे अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले होते. हे मला आठवते, कारण शेरा लिहून झाल्यावर मी तो क्षणभर पाहत राहिलो होतो. अर्ज मानधनावर काम करणाऱ्या एका शिक्षकाचा होता. त्याला अनुभवाचा दाखला हवा होता. गुरुवारी सकाळी पालघरला कायम नेमणुकीसाठी कागदपत्रांची पडताळणी होती, आणि दाखला नसेल तर त्याचे नाव यादीतून गळणार होते. आठ वर्षे त्याने डोंगरावरच्या एका पाड्यात मुलांना शिकवले होते. पुढच्या भरतीपर्यंत त्याचे वय उलटून गेले असते. हे सारे मला ठाऊक होते. काही अर्जावरून कळत होते. उरलेले मी त्याच्याच तोंडून ऐकले होते. मात्र ते ऐकणारा माणूस मी आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

मी मोखाड्याला एका कार्यालयात टेबल सांभाळतो. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझ्या एकट्याचा आहे. राहतो जव्हारला. रोज सकाळी एसटीने किंवा जीपने जायचे आणि साडेपाचच्या सुमारास परत यायचे, असा माझा बावीस वर्षांचा क्रम आहे. बोलणे मुळात कमी. चौपन्नाव्या वर्षी माणसाचा स्वभाव पुरता वाळून कडक झालेला असतो, असे मी समजत होतो.

चार वर्षांपूर्वी मुलगी दिवाळीला आली, तेव्हा तिने माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. एक किल्ला, त्याला चार दरवाजे, प्रत्येक दरवाजावर एक राखणदार. बाहेरून शत्रूच्या तुकड्या येतात आणि चौघांनी मिळून त्या थोपवायच्या. चौघेही वेगवेगळ्या ठिकाणी आपापल्या फोनवर बसलेले असतात आणि कानात इअरफोन घालून एकमेकांशी बोलतात. पहिले काही दिवस मी अनोळखी लोकांबरोबर खेळलो. मग एका संध्याकाळी योगायोगाने बाकीचे तिघेही आपल्याच डोंगराकडचे निघाले आणि आमचा गट जमला. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नव्हते. नाव विचारायचे नाही, हा नियम कोणी केला नव्हता. तो आपोआप पाळला गेला.

एक होता ड्रायव्हर. तो जव्हार ते दाभोसा या रस्त्यावर जीप चालवतो आणि जीप भरेपर्यंत खेळतो. अजून तीन शिटा यायच्यात, तोवर गड राखून टाकू, असे म्हणून तो सुरुवात करी, आणि ऐन लढाईत गाडी भरली की आम्हाला वाऱ्यावर सोडून निघून जाई. त्याआधीची आठ-दहा वर्षे त्याने ठाण्यात काढलेली, त्यामुळे घाईत त्याच्या तोंडून हिंदी बाहेर पडे. दुसरी सिस्टर. ती एका उपकेंद्रात नर्स आहे आणि आम्हा चौघांत तीच खरी खेळाडू. मी बाण भरायला विसरलो की ती शांतपणे म्हणे, “काका, डोस चुकला तुमचा.” तिसरा मास्तर. त्याच्या पाड्यावर रेंज मिळत नसल्याने तो शाळेच्या वरच्या अंगाला एका कातळावर जाऊन बसे. त्याच्या मागे गुरांच्या घंटा आणि कोणाच्या तरी हाका सतत ऐकू येत.

खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या फोनवर रेंजच्या किती काड्या आहेत ते सांगायचे, अशी आमची रीत होती. ज्याच्या काड्या कमी, त्याला मागचा दरवाजा, कारण तिकडे शत्रू क्वचितच येतो. खेळता खेळता कोणाची रेंज गेली, तर त्याचा शिपाई जागच्या जागी थिजून उभा राहतो. ड्रायव्हर त्याला पुतळा म्हणे. पुतळ्याला एकटे सोडायचे नाही, बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभे राहून तो राखायचा, हाही आमचा नियम. मात्र राखता राखता त्याची यथेच्छ टिंगल करायची. मास्तरचा पुतळा झाला की ड्रायव्हर त्याला हार घालायला निघे, अनावरणाला कोणते पुढारी बोलवायचे ते ठरवी, आणि काड्या परत आल्यावर मास्तर भाषणानेच सुरुवात करी.

मी काका. पहिल्याच आठवड्यात सिस्टरने विचारले होते की काका काय करतात. मी सांगितले, निवृत्त आहे, नाशिकला असतो, सरकारी नोकरी केली. मोखाड्याच्या कार्यालयात आहे असे म्हटले असते, तर दुसऱ्या दिवसापासून कोणाचे तरी कागद सुरू झाले असते, अशी मला भीती वाटली. तेव्हा ती सावधगिरी वाटली होती. पुढे नाशिकच्या काकांना नाशिकचे हवामान सांगावे लागले, नाशिकची द्राक्षे सांगावी लागली. मी ते सारे सांगत गेलो.

संध्याकाळी सहा ते सात मी जव्हारबाहेरच्या शिरपामाळावर जाऊन बसत असे. तेथे रेंज चांगली मिळते. घरी सांगायचे, फिरायला जातो. दरी पाहायला आलेली पाहुणे मंडळी फोटो काढत असत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून, बाजूच्या कातळावर कानात वायर घालून बसलेला असे. त्या तासात मी जेवढा बोललो आणि हसलो, तेवढा उरलेल्या दिवसभरात कधीच नाही. माझी पत्नी हे वाचील तेव्हा तिला वाईट वाटेल, पण ते तसेच होते.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मास्तर रंगात होता. तो नकला उत्तम करतो. सरपंच, कंडक्टर, केंद्रावर येणारे साहेब, कोणालाही सोडत नाही. त्या दिवशी म्हणाला, आज नवीन माल आणलाय. मोखाड्याला दाखल्यासाठी गेलो होतो, तिथला एक कारकून दाखवतो.

“बसा,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

“काय रे, रेंज गेली?” ड्रायव्हरने विचारले.

“नाही. तो पेन पुसतोय.”

सिस्टर हसली. मास्तर अगदी हलक्या आवाजात, क्रिकेटचे समालोचन करावे तसा सांगत गेला. आता टोपण बघतोय. आता कागद हातात घेतला. नाही, खाली ठेवला, परत पेन. मग पुन्हा तीच शांतता, आणि शेवटी एकच वाक्य, “हं. सोमवारी या.”

शाईचे पेन वापरणारा त्या कार्यालयात मी एकटाच आहे. निब पुसण्यासाठी माझ्या खणात मलमलीचा एक तुकडा असतो. त्या क्षणी मला कळले की आदल्या दिवशी माझ्या टेबलापुढे निळी पिशवी छातीशी धरून खालच्या मानेने उभा असलेला, “सर, जरा बघता का,” एवढेच पुटपुटणारा तो माणूस म्हणजे आमचा मास्तर. मी त्याचा आवाज ओळखला नव्हता. त्यानेही माझा ओळखला नव्हता. कार्यालयात येणारा माणूस आपला आवाज बाहेरच ठेवून येतो, आणि आत बसलेल्याने तो किती वर्षांपूर्वी कोठे ठेवला, हे त्याचे त्यालाही आठवत नाही.

“काका, तुमच्या हपिसात होता का असला नमुना?” ड्रायव्हरने विचारले.

मी म्हणालो, “प्रत्येक ऑफिसात एक असतो.”

त्यावर सगळे आणखी हसले. मीही हसलो. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी ते गिळले असते. पण मास्तर सहज म्हणाला की असल्या माणसाला एकसुद्धा मित्र नसणार. सिस्टर म्हणाली, असे बोलू नये, असेल बिचाऱ्याला कोणीतरी.

“कोण असेल? आपल्याकडे आला खेळायला, तर घ्याल तुम्ही?”

“आपण नाय घेणार,” ड्रायव्हर म्हणाला. “पेन पुसेपर्यंत किल्ला जायचा.”

मी माझा दरवाजा सांभाळत होतो. त्या दिवशी आम्ही जिंकलो, हेही आठवते.

आता सोमवारविषयी. आमच्या भागात माणूस आपला पत्ता सांगताना पाड्याचे नाव सांगतो. सरकारी दप्तरात मात्र महसुली गावाचे नाव असते. एका गावाचे पाच-सहा पाडे असतात, आणि दोन पाड्यांमध्ये कधी एक डोंगर असतो. त्यामुळे शाळेचा अर्ज पाड्याच्या नावाने येतो आणि नोंदवहीत शाळा गावाच्या नावाने असते. ही चूक इथे प्रत्येक दुसऱ्या अर्जात सापडते. बावीस वर्षांत मी असा अर्ज आला की समासात पेन्सिलीने गावाचे नाव लिहून ठेवत आलो आणि कागद पुढे सरकवत आलो. कोणत्याही साहेबांनी त्याला हरकत घेतली नाही. मला ही पेन्सिल कोणी शिकवली नव्हती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

त्या सोमवारी पेन्सिल समोर होती. मी ती उचलली नाही. मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्याचे दुरुस्तीपत्र जोडावे, असा शेरा लिहिला, जावक नोंदवहीत त्याची नोंद केली आणि शेऱ्याची प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली. गुरुवारी पालघरला जायचे आहे, एवढेच तो म्हणाला. मी म्हणालो, नियम आहे. शेरा लिहिण्यापूर्वी मी पेन पुसले होते, आणि ते मुद्दाम सावकाश पुसले होते. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळी शिरपामाळावर जाऊ नये असे वाटत होते, तरी गेलो. कोणीच खेळ सुरू केला नाही. मास्तर घडलेले सांगत होता, आणि त्यात एकही नक्कल नव्हती. मुख्याध्यापक सासऱ्यांच्या दशक्रियेसाठी वाडा तालुक्यात गेले होते. ते गुरुवारी परत येणार होते. ड्रायव्हर म्हणाला, उद्या दुपारच्या फेऱ्या सोडतो, गाडी घेऊन जाऊ. सिस्टर म्हणाली की घाईत तिथे जाऊन चुकीचे पत्र लिहून आणले तर तो कारकून पुन्हा परत पाठवील. मग तिला एकदम सुचले.

“काका, तुम्ही एवढी नोकरी केलीत. तुम्हीच सांगा ना, काय केलं की तो माणूस नाही म्हणणार नाही?”

समोर दरी होती आणि उजेड ओसरत होता. मला एका वाक्यात सारे सांगता आले असते. त्याऐवजी मी सल्ला दिला. पत्रात पाडा आणि महसुली गाव दोन्ही लिहा. शाळा एकच आहे असे स्पष्ट वाक्य घाला. सहीखाली तारीख, आणि शिक्का पुसट नको. बुधवारी बाराच्या आत पोहोचा, कारण त्यानंतर साहेब कदाचित नसतील. मी सावकाश सांगत होतो आणि मास्तर लिहून घेत होता. मधून मधून तो “हं, काका” म्हणत होता.

“आणि तरी अडवलं तर?” त्याने विचारले.

“अडवणार नाही.”

“तुम्ही त्याला बघितलेलं नाही, काका.”

मी म्हणालो, अशी माणसे मी पाहिली आहेत. सिस्टरने माझे आभार मानले. ड्रायव्हर म्हणाला, आपला काका म्हणजे चालतं-बोलतं हपिस. मी घरी आलो आणि जेवणात मीठ आहे की नाही हे मला कळले नाही.

मंगळवारी संध्याकाळी गटात सिस्टर आणि मी, दोघेच. ती मधूनच विचारी, पोहोचले असतील का हो? सातच्या सुमारास ड्रायव्हरचा निरोप आला. मुख्याध्यापकांनी ओट्यावर बसून पत्र लिहून दिले, सही केली. पण शिक्का शाळेच्या कपाटात होता. त्यांनी किल्ली दिली होती. म्हणजे सकाळी आधी पाड्यावर चढायचे, शिक्का मारायचा आणि मग मोखाडा गाठायचे. सिस्टरने विचारले, बाराच्या आत होईल? मी उत्तर दिले नाही. तिला वाटले, माझ्या काड्या गेल्या.

बुधवारी मी पावणेदहालाच कार्यालयात गेलो. दाखला आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. फक्त सही बाकी होती. अकराला मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि प्रथमच एका अर्जासाठी शब्द टाकला. दुरुस्तीपत्र वाटेवर आहे, आपण आधी सही करून ठेवली तर बरे होईल, असे म्हणालो. त्यांनी अर्ज उलटून पाहिला.

“शेरा तुमचाच आहे ना?”

“हो, साहेब.”

“मग पूर्तता झाली की आणा.”

ते बरोबर बोलत होते. बारा वाजता ते जव्हारच्या बैठकीला गेले. तेथून दोनला सुटून परस्पर गावी जाणार होते आणि सोमवारी परतणार होते. मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिलो. समोर ठेवलेला डबा उघडला नाही. सव्वाला जीप थांबली. मास्तर आत आला तेव्हा त्याची चप्पल लाल मातीने भरलेली होती आणि पत्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. पत्र निर्दोष होते. मी सांगितले होते तसे, शब्दाला शब्द.

साहेब गेले, असे मी म्हणालो तेव्हा तो बाकावर बसला. इतक्या वर्षांत माझ्या टेबलापुढे पुष्कळ माणसे बसलेली मी पाहिली आहेत. मी उठलो. गोल शिक्का आणि शाईची गादी रुमालात बांधली, जावक वही बगलेत घेतली, आणि म्हणालो, “चला. जव्हारला जाऊ.”

मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मास्तर मागे. ड्रायव्हरला मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. मला वाटला होता त्यापेक्षा तो बारीक होता, आणि त्याच्या कपाळावर जुन्या जखमेचा व्रण होता. त्या माणसाने शेकडो वेळा माझा पुतळा राखला होता. मी त्याच्याकडे नीट पाहूही शकत नव्हतो. बोलायचे नाही, एवढेच मी ठरवले होते. तो रस्त्याविषयी विचारी, मी मानेने उत्तर देई.

पहिला चढ संपल्यावर ड्रायव्हरच्या पुढ्यातला फोन वाजला, आणि त्याच क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला. मागे मास्तरने गटात निरोप लिहिला होता. ड्रायव्हरने तो एका नजरेत वाचला आणि ओठातल्या ओठात हसला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तसेच झाले. सिस्टरने उत्तर दिले असणार. मग पुन्हा एकदा. दर वेळी त्याचा फोन वाजे आणि माझा थरथरे. मी खिशावर हात दाबून धरला.

“साहेब, फोन येतोय तुमचा,” ड्रायव्हर म्हणाला.

“राहू दे.”

“बरं वाटत नाय का? गाडी लागते का?”

मी मान हलवली. मागून मास्तर म्हणाला की खिडकी उघडतो, साहेबांना वारा लागू दे. त्यानंतर ड्रायव्हर मला जरा धीर यावा म्हणून बोलत राहिला. आमचा एक काका आहे नाशिकला, तो म्हणाला, त्यानेच सांगितले काय काय लिहायचे ते. मोठा हुशार माणूस, एकदा भेटायला पाहिजे. साहेब, तुमच्यासारखाच हपिसातला, पण बोलायला लई मोकळा. मास्तर म्हणाला, अरे, गप बस. गुरांचा एक कळप आडवा आला आणि आम्ही पाच मिनिटे थांबलो. त्या पाच मिनिटांत मी घड्याळ इतक्या वेळा पाहिले की ड्रायव्हरने खाली उतरून स्वतः गुरे हाकलली.

जव्हारला पोहोचलो तेव्हा बैठक सुटली होती आणि साहेब गाडीचे दार उघडून उभे होते. मी धावलो. मी कधी धावत नाही. साहेबांनी पत्र वाचले, माझ्याकडे पाहिले आणि गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सही केली. मी तेथेच वही उघडून जावक क्रमांक घातला. शिक्का मारताना वाऱ्याने कागद उडू लागला, म्हणून मास्तरने त्याचे टोक धरले. शिक्का स्पष्ट उमटला.

साहेब गेल्यावर मास्तर माझ्या पायाशी वाकला. मी मागे सरलो.

“साहेब, एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “तुमच्या मागे मी तुमच्याविषयी वाईट बोललोय. मित्रांमध्ये नकलासुद्धा केल्या. मला माफ करा.”

ड्रायव्हर खाली पाहत उभा होता. मास्तर हात जोडून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. क्षमा मागायची होती ती मी, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, सकाळची पहिली गाडी धरा, उशीर करू नका. त्याने मान हलवली. मी क्षमा केली, असेच त्याला वाटले असणार. मी तसे वाटू दिले.

गुरुवारी दुपारी त्याचा निरोप आला. कागद मान्य झाले होते. संध्याकाळी गटात आनंद होता. त्या कारकुनाची नक्कल आता बंद, असे मास्तरने जाहीर केले. तो भला माणूस निघाला, आपण त्याला उगाच हसलो. सिस्टर म्हणाली, मी म्हटलेच होते. ड्रायव्हरने गुरांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मला विचारले, काका, तुम्हाला कसे कळले हो, तो अडवणार नाही ते? मी म्हणालो, अंदाज. शुक्रवारी पुन्हा तीच स्तुती झाली. शनिवारी मी गेलो नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता, चौघेही खेळात असताना, मी सांगितले.

“मास्तर, तो पेनवाला मी आहे.”

ड्रायव्हर मोठ्याने हसला. काका आज फॉर्मात, असे म्हणाला. मग मी निळ्या पिशवीविषयी बोललो, बोनेटविषयी बोललो, शिक्का मारताना कागदाचे टोक कोणी धरले होते ते सांगितले. त्यानंतर इअरफोनमध्ये फक्त गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. चारही शिपाई आपापल्या दरवाजावर उभे होते. कोणाचीच रेंज गेलेली नव्हती.

“सोमवारी शेरा मारलात,” मास्तर म्हणाला, “तेव्हा अर्ज माझा आहे हे माहीत होतं तुम्हाला?”

नाही म्हणणे शक्य होते. त्यानंतर सगळे हसून गेले असते.

“हो,” मी म्हणालो.

“असल्या चुकीसाठी एरवी परत पाठवता?”

“नाही.”

“आणि संध्याकाळी मी तुम्हालाच विचारलं.”

“हो.”

शत्रू आत शिरत होता. दक्षिणेचा दरवाजा पडला, मग माझा. कोणीही हात हलवला नाही. सिस्टर म्हणाली, “काका, निदान नाशिक तरी खरं आहे का?” तिचा हेतू चांगला होता. मी खरे ते सांगितले. कोणी हसले नाही. मास्तर म्हणाला की मुले बोलावतायत, आणि गेला. रविवारी शाळा नसते.

तो परत येणार नाही असे मी धरून चाललो होतो. पंधरा दिवसांनी तो आला. आता त्याची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली आहे आणि त्याला तेथे घरबसल्या चार काड्या मिळतात. ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी वातावरण हलके करण्याचा प्रयत्न केला. जीपमध्ये तुमचं गुणगान तुमच्याच पुढ्यात गात होतो, लाज वाटली पाहिजे मला, असे म्हणाला. सिस्टर अजून मला काकाच म्हणते. मास्तर साहेब म्हणतो. त्यात टोमणा नाही, राग नाही. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

मागच्या आठवड्यात मी फार वाईट खेळलो. दरवाजा उघडा टाकून मी खंदकात पडलो आणि तेथून शत्रूऐवजी मास्तरच्याच शिपायावर बाण सोडले. पूर्वी एवढ्यावर तो महिनाभर जगला असता. माझी नक्कल झाली असती, खंदकाला माझे नाव पडले असते. मी कानात वायर नीट बसवली आणि वाट पाहत राहिलो.

“हरकत नाही, साहेब,” तो म्हणाला. “होतं असं कधीकधी.”

मग त्याने ड्रायव्हरला काहीतरी विचारले, ड्रायव्हरने उलट काही म्हटले, आणि ते दोघे हसू लागले. सिस्टरही हसली. मी खंदकातून वर येण्याची वाट शोधत होतो.